चित्रपटाचा चित्रपट होताना

'चित्रपट' हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो की त्यातला 'पट' आता ऐकूही येत नाही. संस्कृतात चित्रपट म्हणजे चितारलेले वस्त्र. पुढे मूकपट आला, बोलपट आला, आणि वस्त्राचा अर्थ मागे पडून हलणाऱ्या चित्रांचा अर्थ तेवढा उरला. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली कलाकृती मात्र या शब्दाच्या दोन्ही अर्थांना पुरून उरते. बाराव्या शतकाच्या प्रारंभी एका चिनी चित्रकाराने रेशमी पटावर एक नगर चितारले. २०१० साली शांघायच्या जागतिक प्रदर्शनात संगणकाच्या साहाय्याने ते नगर चालू-बोलू लागले. वृत्तपत्रांनी या प्रयोगाचे वर्णन 'चित्र जिवंत झाले' अशा शब्दांत केले. माझे कुतूहल याच वाक्याविषयी आहे. जिवंत झाले म्हणजे त्याआधी ते काय होते?

'छिंगमिंग शांगह थू' हे त्या पटाचे नाव. छिंगमिंगच्या वेळी नदीकाठाने, असा त्याचा ढोबळ अर्थ. छिंगमिंग हा एप्रिलच्या आरंभी येणारा, पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून त्यांचे स्मरण करण्याचा चिनी सण. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ 'निर्मळ आणि उजळ' असाही होतो, आणि त्यावरून सुराज्य, शांततेचा काळ असाही अर्थ काढला जातो. शीर्षकातच असा श्लेष असल्याने अभ्यासकांमध्ये त्यावर पुष्कळ वाद झाला आहे. पटाची उंची २४.८ सेंटिमीटर, लांबी ५२८.७ सेंटिमीटर, रेशमावर शाई आणि अगदी फिके रंग. सध्या तो बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तेथवर पोहोचण्याची त्याची कहाणी एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. तो अनेकदा राजवाड्यात आला व अनेकदा बाहेर गेला. शेवटचा सम्राट पूयी याने तो ईशान्य चीनमध्ये नेला, आणि १९४५ नंतरच्या पडझडीतून वाचलेल्या चित्रांच्या ढिगात १९५० साली यांग रनकाय या जाणकाराने तो ओळखला.

चित्रकार झांग झेदुआन याच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळे एकाच टिपणातून. ते टिपण पटाच्याच शेपटाला, ११८६ साली, झांग झू नावाच्या गृहस्थाने लिहिले. झांग झेदुआन तरुणपणी विद्याभ्यासासाठी राजधानीत आला, नंतर चित्रकलेकडे वळला, नावा, गाड्या, पूल, बाजार आणि तटबंदी काढण्यात त्याचा हातखंडा होता, एवढेच ते सांगते. कलेचा नादी असलेल्या हुइझुंग सम्राटाच्या दरबाराने आपल्या चित्रसंग्रहाची मोठी सूची सिद्ध केली होती. तीत या चित्रकाराचे नाव नाही. पट्टी लावून काढलेल्या इमारती-नावांची चित्रकला डोंगर-धुक्याच्या चित्रांपेक्षा हलकी मानली जाई, हे त्याचे एक कारण असू शकेल.

पट उजवीकडून डावीकडे उलगडतो. आरंभी शांत शेते, विलोची झाडे, लाकडी कोळसा लादलेली गाढवांची रांग. मग बिएन नदी लागते आणि हळूहळू वस्ती दाट होते. ही नदी म्हणजे राजधानी कायफंगची धमनी. दक्षिणेचा तांदूळ याच वाटेने येई. पटाच्या मध्यावर, खांबांवाचून केवळ तुळया एकमेकींत गुंफून उभारलेला कमानीचा प्रसिद्ध पूल आहे. त्यापुढे नगरद्वार, द्वारातून बाहेर पडणारा उंटांचा तांडा, बहुमजली मद्यगृह, वैद्याचे दुकान, कथा सांगणाऱ्याभोवतीचे कोंडाळे. पाचशेहून अधिक माणसे या पटावर आहेत, आणि एकेक माणूस बोटाच्या पेराएवढा.

सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग पुलाखालचा आहे. एक मोठी नाव प्रवाहात आडवी होऊ पाहते आहे. तिची डोलकाठी अजून पुरती खाली आलेली नाही आणि पूल समोर आहे. नावेवरचे लोक बांबू रेटत आहेत, पुलावरून कोणी दोर टाकतो आहे, कठड्याला गर्दी लोटली आहे. त्याच वेळी पुलावर एक मेणा आणि एक घोडेस्वार समोरासमोर आले आहेत. कोण मागे सरणार? नाव निभावणार की आदळणार? गेली नऊशे वर्षे या प्रश्नांची उत्तरे मिळालेली नाहीत.

आता असा पट पाहायचा कसा, हे समजून घेतले पाहिजे. कारण माझ्या मते सगळा मुद्दा तेथेच आहे. भिंतीवर टांगण्यासाठी तो नव्हेच. मेजावर ठेवून डाव्या हाताने उलगडायचा, उजव्या हाताने गुंडाळत जायचा. एका वेळी डोळ्यांसमोर हातभर भाग. पुढे काय आहे ते ठाऊक नाही, मागचे गुंडाळीत गेलेले. वाटल्यास थांबावे, वाटल्यास मागे जावे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी याने १९८८ साली एका सतराव्या शतकातील चिनी पटावर माहितीपट केला. त्यात तो हेच दाखवतो की पाश्चात्त्य चित्रात पाहणारा एका जागी खिळलेला असतो, तर पट पाहणारा चालत असतो. काळ पटातच मुरलेला आहे, आणि त्याची गती पाहणाऱ्याच्या मनगटात. म्हणजे झांग झेदुआनचे चित्र स्थिर कधीच नव्हते.

चिनी चित्रविचाराच्या परिभाषेतही हेच दिसते. सहाव्या शतकाच्या सुमारास श्ये ह याने चित्रकलेची सहा अंगे सांगितली. त्यातले पहिले आहे प्राणाचा अनुनाद आणि सजीव गती. हे नसेल तर बाकीची पाच असून उपयोग नाही, अशी पुढची परंपरा मानते. सहावे अंग आहे पूर्वसूरींच्या चित्रांची नक्कल करून ती पुढे पोहोचवणे. पहिले अंग म्हणते की चित्रात हालचाल हवीच. सहावे म्हणते की जुने चित्र पुन्हा काढणे हा कलेचा धर्मच आहे. संगणकाने हलवलेल्या पटाविषयी बोलताना ही दोन्ही अंगे एकदम ध्यानात ठेवावी लागतात, नाहीतर आपण एक तर भाबडे कौतुक करतो किंवा पंडिती नाक मुरडतो.

शाईच्या चित्रांना हलवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. शांघायच्या चित्रपटशाळेत त वेइ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आई शोधणाऱ्या बेडूकपिल्लांचा पंधराएक मिनिटांचा लघुपट केला, तो १९६१ च्या सुमारास लोकांपुढे आला. छि पायशी या वृद्ध चित्रकाराची बेडूकपिल्ले आणि कोळंबी त्यात पोहताना दिसतात. पाठोपाठ १९६३ साली म्हैस आणि बासरीवाला मुलगा यांच्यावरचा लघुपट झाला. त्यातली म्हैस ली खरान याच्या चित्रांतून आलेली. कडा नसलेली, कागदात झिरपणारी शाई चित्रफितीवर आणण्यासाठी एकेका आकृतीचे अनेक थर वेगळे काढावे लागत, एकेक थर वेगळा टिपावा लागे. ते श्रम आज कोणी करणार नाही. पण या लघुपटांनी एखादे विशिष्ट चित्र हलवले नव्हते. त्यांनी छि पायशीची शैली उचलली, तिच्यात नवी गोष्ट रचली. आपल्याकडे एखादा कवी ज्ञानेश्वरांच्या ओवीत स्वतःचे काही लिहितो, तसेच ते. शांघायला २०१० मध्ये जे झाले ते वेगळे. तेथे ओवी नव्हे, ज्ञानेश्वरीच हाती घेतली होती.

चिनी दालनातील ती भिंत शंभर मीटरहून लांब आणि सहा मीटरहून उंच होती. मूळ पट लांबी-उंचीत वीसपटींहून अधिक मोठा केला होता. बारा प्रक्षेपकांची चित्रे एकमेकांत बेमालूम मिसळून ती भिंत उजळे. चार मिनिटांत एक दिवस आणि एक रात्र होई. दिवसा ६९१ माणसे, रात्री ३७७. गाढवे चालत, दोर ओढणारे मजूर वाकून पावले टाकत, पाणी वाहे, पुलावरून आरोळ्या ऐकू येत. मे ते ऑक्टोबर असे सहा महिने चाललेले हे प्रदर्शन सात कोटींहून अधिक लोकांनी पाहिले, आणि या भिंतीसमोरची गर्दी कधी हटली नाही. पुढे हाच खेळ हाँगकाँग, मकाव आणि तैवानलाही गेला.

असे चित्र हलवायचे म्हणजे नेमके काय करावे लागते? प्रत्येक माणूस, प्रत्येक जनावर पार्श्वभूमीतून उचलून वेगळे करावे लागते. उचलले की त्याच्यामागे भोक पडते. तेथे चित्रकाराने काही काढलेच नव्हते. ते आता कोणीतरी काढायला हवे. पाठमोरा माणूस वळला तर त्याला चेहरा द्यावा लागतो. पाण्याच्या रेषा जाळीसारख्या विणलेल्या आहेत, त्या कोणत्या वेगाने सरकणार, हे ठरवावे लागते. थोडक्यात, मूळ चित्र जेथे मौन पाळते तेथे हलत्या चित्राला बोलणे भाग पडते.

ऋतूचेच उदाहरण घ्या. मेण्याला विलोच्या डहाळ्या लावल्या आहेत म्हणून हा वसंतातला छिंगमिंग, असे एक मत. पण कोळसा साठवण्याची लगबग आहे, हातांत पंखे आहेत, तेव्हा हा शरद असावा, असे १९८० च्या दशकापासून काही चिनी अभ्यासक म्हणत आले. काळपटलेले रेशीम दोघांनाही आपल्या मतावर राहू देते. हलत्या चित्रात प्रकाश कोणत्या रंगाचा, पाने किती हिरवी, हे ठरवल्याशिवाय एकही चौकट पुढे सरकत नाही. नावेचेही तेच. जी नाव पाहणाऱ्याचा श्वास अडकवून थांबली आहे, तिला चार मिनिटांत कोठेतरी जावेच लागते, आणि पुढच्या चार मिनिटांत पुन्हा परतावे लागते. दर चार मिनिटांनी येणारे संकट हे संकट राहत नाही.

येथे राजवाडा संग्रहालयाचे संशोधक यू हुइ यांच्या वाचनाचा उल्लेख आवश्यक आहे. त्यांच्या मते हे चित्र वैभवाचे स्तोत्र नव्हे, तर सम्राटाला आडून दिलेला इशारा आहे. आगीवर लक्ष ठेवण्यासाठी असलेल्या मनोऱ्यावर पहारेकरी नाही, नगरद्वारावर बंदोबस्त नाही, घोडा उधळला आहे, नाव संकटात आहे, अधिकारी वाट अडवून हुज्जत घालत आहेत. सगळ्यांनाच हे मत मान्य नाही, आणि मलाही ते काही ठिकाणी ओढूनताणून आणलेले वाटते. उंटांचा तांडा निर्वेध बाहेर पडतो याचा अर्थ शांतता असाही होऊ शकतो. पण हे मत मांडता येते, एवढी जागा मूळ पटात आहे. 'उत्तम नगर, उत्तम जीवन' हे ब्रीद मिरवणाऱ्या प्रदर्शनाच्या भिंतीवर ती जागा उरणे अवघड होते. तेथे नगर सुखी असणे क्रमप्राप्तच होते.

भिंतीने पटाला आवाज दिला याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. चित्र दाखवत कथा सांगण्याची चिनी प्रथा मुळात भारतातून गेली, असे प्रतिपादन व्हिक्टर मेअर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून गात-सांगत आले; तेथे चित्र हे निम्मेच असते, उरलेले निम्मे गळ्यात. झांग झेदुआनचा पट राजवाड्याच्या एकान्तात पाहण्याचा होता, त्याला सांगणारा नव्हता. त्याने कथेकरी पटाच्या आत, रस्त्याच्या कोपऱ्यावर बसवला. त्या मुक्या कथेकऱ्याभोवतीच्या बाजाराला नऊशे वर्षांनी गलका मिळाला, तर ते परंपरेला फार सोडून झाले असे म्हणता येणार नाही.

सर्वांत धाडसी भर होती ती रात्रीची. मूळ पटात रात्र नाही. शुद्धतावादी वाचक येथे हटकून आक्षेप घेतील. मला मात्र हा प्रयोगातील सर्वांत अभ्यासू निर्णय वाटतो. सुंगांच्या आधी, थांग काळात, चिनी राजधानीचे मोहल्ले रात्री बंद होत आणि रस्त्यावर फिरणे हा गुन्हा असे. सुंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने ९६५ साली तिसऱ्या प्रहराच्या घंटेपर्यंत रात्रीचा बाजार चालू ठेवण्यास मोकळीक दिली, आणि पुढे कायफंगला रात्रीचे जीवन मिळाले. दिवे, मद्यगृहे, खाद्यपदार्थांच्या गाड्या, पहाटेपर्यंत चालणारे खेळ. ज्या नगराचे वैशिष्ट्यच रात्र आहे, त्याला रात्र देणे ही मनमानी नव्हे.

परंतु ही रात्र आपल्याला कोठून ठाऊक झाली? मुख्यतः एका पुस्तकातून. मंग युआनलाव हा गृहस्थ ११०३ साली कायफंगला आला आणि त्याचे तारुण्य तेथेच गेले. ११२७ मध्ये जुर्चेनांनी नगर जिंकले, हुइझुंग आणि त्याचा पुत्र या दोघांनाही बंदी करून उत्तरेला नेले, आणि जे पळू शकले ते दक्षिणेला पळाले. मंग त्यांपैकी एक. ११४७ साली, वीस वर्षांच्या निर्वासित जीवनानंतर, त्याने 'पूर्व राजधानीचे स्वप्नवैभव' अशा अर्थाच्या नावाच्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. तरुण पिढीला ते नगर माहीत नाही, उद्या कोणालाच माहीत नसेल, म्हणून त्याने गल्ल्या, दुकाने, पदार्थांची नावे, सणावारांचे दिवे एकेक करून मांडले. कायफंगची रात्र कोणालाही चितारायची असेल तर या पुस्तकाच्या दारी जावेच लागते. आणि हे पुस्तक शोकग्रंथ आहे. भिंतीवरच्या दिव्यांच्या ओळी एका निर्वासिताच्या आठवणींवर उभ्या आहेत. दिवे भिंतीवर आले, निर्वासित आला नाही.

हीच गोष्ट पटाच्या शेपटाविषयी. चिनी पट चित्रापाशी संपत नाही. पुढे जोडलेल्या कोऱ्या पट्टीवर पाहणारे आपले अभिप्राय लिहितात, शिक्के मारतात, आणि ही पट्टी पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. आपल्या पोथीच्या समासात टीका वाढावी तशी. झांग झूनंतर ज्यांनी या पटावर लिहिले त्यांपैकी काही जण, त्याच्याचसारखे, जुर्चेनांच्या चिन घराण्याच्या राजवटीत राहणारे विद्वान होते. ते जिंकणाऱ्यांच्या राज्यात बसून हरलेल्या नगराचे चित्र पाहत होते. त्यांच्या कवितांमधून गेलेल्या वैभवाची खंत आहे, आणि ओसाड जागी एकेकाळी काय होते याचे स्मरण आहे. पट उलगडणाऱ्याचा हात बाजार पाहून झाल्यावर या अक्षरांवर येतो, आणि मगच गुंडाळी पुरी होते. गजबजलेला रस्ता आणि त्याच्यावरचा शोक एकाच रेशमी गुंडाळीत आहेत. शांघायच्या भिंतीने चित्र घेतले, शेपूट सोडले. एवढ्या लांब भिंतीत त्या अक्षरांना दहा मीटर जागा देणे काही कठीण नव्हते. ती दिली असती तर रात्रीनंतर पुन्हा उजाडताना पाहणाऱ्याच्या मनात काहीतरी वेगळे झाले असते.

हे म्हणताना मूळ पट पवित्र आणि बाकी सर्व भ्रष्ट, असे मला अजिबात सुचवायचे नाही. या चित्राच्या नकला चिनी चित्रकार शतकानुशतके करत आले आहेत आणि प्रत्येकाने आपले युग त्यात घातले. १७३६ साली छिंग दरबारच्या पाच चित्रकारांनी काढलेली प्रत तैपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. ती साडेअकरा मीटर लांब आहे, तीत चार हजारांहून अधिक माणसे आहेत, आणि गुंफलेल्या लाकडी पुलाच्या जागी भक्कम दगडी पूल आहे. त्या पुलाखाली नावेचा जीव धोक्यात आहे असे वाटत नाही. म्हणजे संकट गुळगुळीत करण्याचे काम संगणकाच्या पावणेतीनशे वर्षे आधीच दरबाराने करून ठेवले होते. सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या म्हणून आपण कधी तक्रार केली नाही. विस्तार हा भाष्याचा हक्कच आहे. भाष्याने काय वाढवले यापेक्षा काय वगळले, एवढेच विचारायचे असते.

कायफंगमध्येही १९९८ पासून या चित्रावर बेतलेले एक उद्यान आहे, तेथे पूल आहे, नावा आहेत, वेशभूषा केलेले विक्रेते आहेत. खरे सुंग नगर जमिनीखाली कित्येक मीटरवर गाळात आहे. १६४२ च्या पुराने तर नंतरचे नगरही गाडले. त्यामुळे हे सगळे प्रयोग अशा मुळाचे आहेत जे पडताळून पाहता येत नाही, आणि पट हाच एक साक्षीदार उरला आहे.

२०१८ साली राजवाडा संग्रहालयानेच या पटावर नवे प्रदर्शन मांडले. त्यात घुमटाकार पडद्याखाली प्रेक्षक नावेत बसल्यासारखा बसे आणि बिएन नदीवरून वाहत जाई. कठड्याला रेलून ओरडणाऱ्या गर्दीत नऊशे वर्षे उभा असलेला पाहणारा आता नावेत आला. त्याआधी तीन वर्षे, २०१५ च्या शरदात, संग्रहालयाच्या नव्वदाव्या वर्धापनानिमित्त मूळ पट पूर्ण उलगडून ठेवला होता. दरवाजे उघडताच लोक धावत सुटत आणि तासन्‌तास रांगेत उभे राहत. शेवटी काचेपाशी पोहोचल्यावर थोडाच वेळ मिळे. पाच मीटरचा पट आडवा पसरलेला, दोन्ही टोके खिळलेली, आणि मागच्यांसाठी रांग पुढे सरकवत राहावी लागे. गुंडाळी कोणाच्याच हातात नव्हती.